तीन फाशांचा कारकून

ग्रंथपाल मित्राच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यांना दर बुधवारी वाचून दाखवायला तो माणूस शोधत होता. ‘येशील का, एवढंच कळव,’ असं लिहिलं होतं. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. सगळं वाचन मनातल्या मनात. त्यात आवाज बारीक, आणि चार माणसं समोर आली की घशाला कोरड. तीन कच्ची उत्तरं लिहिली, तिन्हींत चुका काढल्या आणि पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

मग एका रविवारी दुपारी सुनेच्या खेळात एक गडी कमी पडला.

“बाबा, बसा ना. गोष्टच आहे, फासे टाकत सांगायची,” ती म्हणाली. गोष्ट ती चालवणार. खेळणार तिची नर्स मैत्रीण आणि कोपऱ्यावरचा वायरमन.

ज्याने त्याने आपलं पात्र बनवायचं. ताकद, चपळाई, दम, अक्कल, शहाणपण, छाप, प्रत्येकासाठी फासे टाकून बेरीज मांडायची. माझे आकडे आले सहा, सात, पाच, आठ, नऊ आणि चार.

“आजोबा, हा जिना चढतानाच जाईल,” वायरमन म्हणाला.

“तळमजल्यावर ठेवू त्याला,” नर्स म्हणाली.

मी त्याला कारकून केलं. ओशाळलो, पण का कोण जाणे, तो ओळखीचा वाटला.

तासाभरात आम्ही एका नगराच्या बंद दरवाजापाशी येऊन अडकलो. नर्सच्या लढवय्यीने धडक मारली, वायरमनच्या चोराने कुलपाशी झटापट केली, दोघंही फसले.

“बाबा, कारकून काय करतो?”

“विनंती करतो.”

जमतं का ते ठरवायला वीस बाजूंचा फासा टाकला. पडले तीन.

“पहारेकरी जांभई देतो,” सून म्हणाली. दोघं खो खो हसले. मीही हसलो, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

“दरवाजावर काही चिकटवलंय का?” मी विचारलं.

“राजाचा हुकूम आहे.”

“पहारेकऱ्याला वाचता येतं?”

ती चपापली. “नाही येत.”

“मग कारकून वाचून दाखवतो. फासा टाकू?”

“वाचायला कसला फासा, बाबा!” तिने वहीतून एक चिठ्ठी काढून दिली. “सकाळीच लिहून ठेवली होती. कुणी मागितलीच नाही.”

मी मोठ्याने वाचलं, स्वल्पविरामापाशी थांबत, सवयीनं. “पुराचं पाणी आहे, तोवरच दरवाजा बंद ठेवावा.”

“पहारेकरी डोकं खाजवतो,” सून म्हणाली. “म्हणतो, अहो, पाणी ओसरून महिना झाला की!”

दरवाजा उघडला. वायरमनने टेबलावर थाप मारली. नर्सने मात्र माझा कागद ओढून घेतला.

“काका, दर वेळी फासे किती टाकलेत?”

“तीन.”

“चार टाकायचे! सगळ्यात लहान आकडा सोडून द्यायचा.”

सुनेने जीभ चावली. “सांगायचं राहिलंच. बाबा, परत टाका. चांगला तगडा गडी होईल.”

“आता नको,” मी म्हणालो. “ओळख झाली त्याची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दकोश उघडला. एकाच कागदावर, खाडाखोड न करता लिहिलं: ‘उशीर झाला, माफ कर. जागा अजून रिकामी असेल तर येतो. आवाज बारीक आहे, खुर्च्या जवळ लाव.’

पाकीट चिकटवल्यावर आठवलं, तारीख घालायची राहिली. तसंच जाऊन पेटीत टाकलं.