दाराच्या मापाची रेघ

माझी धाकटी बहीण दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं आणि ती सायकलीसकट आपटली, तेव्हा तिचाच पुढचा दात पडला आणि हात मोडला. नवा तिनेच बनवला. हातही बरा झाला, पण भीतीपायी सायकल मात्र जिन्याखालीच राहिली. प्रयोगशाळेकडे बस जात नाही. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला देणार होते, आणि ते काम म्हणजे तिचा जीव की प्राण.

माझं डोकं त्या दारवाल्यावर फिरलं होतं. लोक मोटारीचं दार घरातल्या कपाटासारखं उघडतात, मागून कोण येतंय याचं सोयरसुतक नाही. पण आमच्या घरातही सगळेच उभ्या गाड्यांना चिकटून सायकल चालवतात. बाबांची शिकवण: रस्ता मोठ्यांचा, आपण आपलं कडेकडेने जावं. बाबा शिंपी. गिऱ्हाइकाला वाट देता देता स्वतःच दुकानाबाहेर जातील असा माणूस.

रविवारी बाबा खडू आणि टेप घेऊन शेजाऱ्यांच्या मोटारीपाशी गेले. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बिनसलं. त्यांनी दार सताड उघडलं, टोकापर्यंत माप घेतलं, कापड बेतताना माया सोडतात तसं वर आणखी थोडं सोडलं आणि गल्लीत लांबलचक रेघ ओढली. धाकटीला म्हणाले, मागे बघून घ्यायचं आणि रेघेच्या बाहेरूनच जायचं.

"मागचे हॉर्न वाजवतील," ती म्हणाली.

"वाजवू देत. हॉर्नने हाड मोडत नाही. मी तुला चुकीचं शिकवलं, बाळा."

बाबांच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग ते मोटारीत बसले आणि मनाला येईल तेव्हा दार उघडत राहिले. आधी ती दर वेळी दचकून थांबायची. संध्याकाळपर्यंत मोटारीत डोकं दिसतंय का, हे लांबूनच बघायला लागली.

सोमवारी तिच्या मागे मीही सायकल काढली. मोठ्या रस्त्यावर खडूची रेघ कुठली असणार? तरी ती तेवढंच अंतर राखून चालली होती. तेवढ्यात मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवून कान किटवले. मी त्याला चार शब्द सुनावले, पण तिची सायकल कडेला सरकू लागली. तिने एकदा मागे पाहिलं, हात दाखवला आणि पुन्हा आपल्या जागी आली. टेम्पोने वेग कमी केला.

पुढच्याच मोटारीचं दार उघडलं. अगदी सताड. ती बाहेरून निघून गेली.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी उतरली तेव्हा ती नव्या दातासकट हसत होती.

"ताई, बाबांना सांग, माप बरोबर बसलं."