आतला डीजे

तो जोक मी मारला होता, म्हणून सुरुवात माझ्यापासून करतो. मी हर्षित. बारावी नापास, पण घरात इंग्रजी वाचणारा मीच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांचा, भिवाचा, डाव्या बाजूचा मुतखडा दुर्बिणीने काढला. डोंबिवलीतलं काचेच्या दारांचं खाजगी हॉस्पिटल. ऑपरेशनआधी डॉक्टर उभ्याउभ्या बोलला, "खडा काढू, नळी टाकू, तिसऱ्या दिवशी घरी." मग सहा पानांचा इंग्रजी फॉर्म आला. नर्सने बोट ठेवलं, बाबांनी सही केली. एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही. देवळात पुजाऱ्याला कोण विचारतं?

शुद्धीवर आले तेव्हा लघवीच्या जागी नळी आणि खाली पिशवी. मिठागरावर लंगोटीत राबलेला माणूस, पण ती पिशवी बघून लाजला. कोणी आलं की चादर ओढायचा. तिसऱ्या दिवशी सिस्टरने नळी ओढली. बाबांनी घातलेली शिवी अख्ख्या वॉर्डाने ऐकली.

"झालं काका, निघाली नळी," सिस्टर म्हणाली. खोटं नाही बोलली.

काउंटरवर घरी सोडतानाचं कार्ड मिळालं. तळाला पेनाने खरडलेलं, 'डीजे रिमूव्हल, चार आठवडे.' त्याच महिन्यात माझ्या बहिणीची, भावनाची, हळद होती आणि पोलिसांनी गावात डीजे बंद केलेला. आगऱ्याच्या हळदीत डीजे नाही म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. मी कार्ड नाचवत ओरडलो, "बाबा, तुमचा डॉक्टर पन पोलिसांना मिळालाय! डीजे काढायला सांगतंय!"

आई हसली, बाबा पोट धरून हसले. काउंटरवालाही हसला. मी त्याला विचारलं, "पण हे काय आहे?"

"नळीचं आहे ते. काढायची असते."

"काढली की सकाळीच."

"मग झालं तर," म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

झालं तर! दोन शब्द, आणि माणूस गेला कामाला.

हळद झाली, लग्न झालं. बाबांना जळजळ व्हायची, लघवी कधी लाल यायची. गल्लीतला डॉक्टर गोळ्या द्यायचा, आई सब्जा भिजवायची. बाबा स्वतःची लुंगी स्वतः धुवायला लागले. आम्ही म्हटलं, म्हातारा सुधारला.

यंदा हुडहुडी भरून ताप चढला. रिक्षात घालून ठाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टर आसावरीबाईंनी एक्स-रे काचेवर लावला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत पांढरी दोरी, दोन्ही टोकांना वेटोळं, वेटोळ्यावर खड्याचा थर.

"ही नळी कधी टाकली?"

"ती तं काढली ना बाई," आई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी. हे केवढ्यांदी वरडले."

"ती बाहेरची, लघवीची. ही आतली. हिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून ठेवतात, काही आठवड्यांत काढावीच लागते."

आईने माझ्याकडे बघितलं. "दोन नळ्या होत्या?"

दोन होत्या. शब्द एकच होता.

तपासणीत कळलं, डावं मूत्रपिंड सात टक्के चालतंय, पुवाने भरलंय. काढावं लागेल. मी कार्ड घेऊन डोंबिवलीला गेलो. डॉक्टरने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "लिहून दिलं होतं. तुम्हीच आला नाहीत." फोन का नाही केला, विचारलं. "दिवसाला किती पेशंट असतात, कल्पना आहे?" आहे. त्यातला एक माझा बाप होता. लग्नाच्या हॉलवाल्याने भावनाच्या वाढदिवसाला दोन वर्षं मेसेज पाठवलाय. ह्यांना एक फोन जमला नाही.

ठाण्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फॉर्म अडवून धरला. काय कापणार, आत काय ठेवणार, किती दिवस, कोण काढणार, नाही काढलं तर काय होईल, सगळं मराठीत लिहून मागितलं. हाताखालचा डॉक्टर वैतागला. आसावरीबाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि नळ्यांचं चित्र काढून दिलं. वीस मिनिटं लागली. डोंबिवलीत ती वीस मिनिटं मिळाली असती तर...

ऑपरेशन झाल्यावर नातेवाइकांना दाखवायला स्टीलच्या ट्रेमध्ये बाबांचं मूत्रपिंड आणलं. काळपट, फुगलेलं. त्यातून नळीचं टोक बाहेर, खडूसारखं कडक.

"हाच डीजे?" मी विचारलं.

कोणी हसलं नाही.

चौथ्या दिवशी सिस्टर बाबांची लघवीची नळी काढायला आली. ह्या वेळी बाबांनी शिवी घातली नाही, दात आवळून घेतले. "झालं काका, निघाली नळी," सिस्टर म्हणाली. तेच शब्द.

बाबांनी तिचं मनगट धरलं. आईने ते चित्र पिशवीतून काढलं, चादर बाजूला केली आणि बाबांच्या अंगावर बोट ठेवत मोजायला लागली.

"एक ही काढलीस. एक हाताची, सलाइनची. एक कुशीची, जखमेतला पानी जायाची. आतमंदी काय नाय, असा बाईंनी लिवलाय." तिने सिस्टरकडे बघितलं. "तू पन मोज. माझ्यासमोर."

सिस्टर मोजायला लागली.