सरकारी डोंगराची वाट

फाटकाच्या खांबावर वीतभर नारिंगी रंग होता आणि त्याखालचं दगडफूल तसंच होतं. खरवडून न घेता, घाईत मारलेला रंग. बोट लावलं तर किंचित चिकटलं.

आमच्या मोंटानात या रंगाचा अर्थ एकच: आत येऊ नका. फाटकातून निघणारी वाट आमच्या कुरणातून मागच्या सरकारी डोंगरावर जाते. डोंगर सगळ्यांचा, पण तिथं जायला वाट एवढीच, आणि ती माझ्या नि माझ्या भावाच्या, ऑरिनच्या मालकीची. शिकारीच्या सहली नेणाऱ्या रीडला ती फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी हवी होती. ऑरिन तसा करार करायला तयार होता. मी दोन वर्षं ‘बघू’ म्हणत होते.

फाटकाबाहेर वेंडेल गाडीत बसला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा म्हातारा दर हंगामात आमचं दार वाजवून विचारतो आणि वर जातो. एक एल्क हरीण मिळालं की त्याच्या घरी हिवाळाभराचं मांस होतं.

“आज दार नाही वाजवलंत?”

“रंग बघितला. म्हटलं, डॉक्टरीणबाई, तुम्ही ठरवलंत शेवटी. यंदा फ्रीजरात नुसता बर्फ.”

मी तडक गोठ्यात गेले. ऑरिन ट्रॅक्टरखाली होता.

“रंगाचा डबा कुठं ठेवलास?”

“कसला रंग?”

“भोळेपणाचा आव आणू नकोस.” त्याच्या नखांत फक्त ग्रीस होतं. पण हातमोजेही असतात. “फाटकाच्या खांबावरचा.”

तो बाहेर आला आणि हसला. “अगं ताई, ते कुंपण आपल्या हद्दीवर आहे का? ओढ्याच्या पुरात खांब वाहून जायचे म्हणून बाबांनी ते ओढ्याच्या पलीकडे, रस्त्याकडेच्या सरकारी जागेत ठोकलं. आपल्या हद्दीबाहेर मी रंग मारीन?”

खरं होतं. कुंपणालाच हद्द समजेल तो बाहेरचाच.

“म्हणजे रीड. तू काय सांगितलंस त्याला?”

ऑरिन पाना पुसत राहिला. “तू तयार होशील, एवढंच.”

“मी कधी म्हटलं तसं?”

“नाही असं तरी कधी म्हणालीस? तू गप्प बसतेस, लोक हो समजतात. मीही समजलो.”

बाहेर वेंडेलची गाडी सुरू झाली. मी धावत जाऊन फाटक उघडलं. ऑरिन मागोमाग आला.

“वेंडेल, तुम्ही वर जा,” मी म्हणाले. “आणि ऑरिन, रीडला आजच सांग. मी करारावर सही करणार नाही. वाट सगळ्यांना उघडी राहील.”