कुटाचा डबा

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका अन्न तपासणी प्रयोगशाळेत शेंगदाण्यांच्या पुड्यांचा नुसता ढीग पडला होता. बुरशीचं विष शोधायचं काम. दाणे वाटायचे, क्लोरोफॉर्ममध्ये हलवायचे, गाळून त्याचा थेंब पांढरी भुकटी चढवलेल्या काचेवर ठेवायचा, काच द्रावणात उभी करायची आणि वाळली की अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायची. विष असलं की निळा ठिपका चमकतो. एरवी डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, पण त्या दिव्यापुढे लपत नाही मेलं!

हे काम प्रेमिलाकडे होतं. एक दिवस तिचे साहेब भैय्याजी म्हणाले, "प्रेमिलाबाई, ताडून पाहाले एक साफ नमुना पायजे. तुमच्या घरचंच काही आणा ना."

प्रेमिला दुसऱ्या दिवशी ऐटीत आईच्या हातचं शेंगदाण्याचं कूट घेऊन आली. तिची आई सिंधूताई बावीस वर्षं इतवारीतल्या एका गोदामात दाणे निवडत होती. तिच्या कुटात काय निघणार, कप्पाळ?

दिवा लागला. बाजारच्या सात नमुन्यांत एखाददुसरा फिकट ठिपका होता. घरच्या कुटाचा मात्र निळाभोर, ढळढळीत.

बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून प्रेमिलाने सगळं पहिल्यापासून केलं. जेवली नाही, पाणी प्यायली नाही. चार वाजता पुन्हा तोच ठिपका.

"अरे बाप्पा!" भैय्याजी म्हणाले. "हा कोणता नमुना?"

"घरचा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

घरी पोचताच, चपला न काढता, तिने विचारलं, "माय, आपल्या घरचे दाणे कोणते वं?"

"कोणते म्हंजे? गोदामातले."

"चांगले का?"

सिंधूताई फणकारली. "चांगले शेठच्या पोत्यात जाते. सुरकुतलेले, काळे, बुरसलेले आम्हा बायांचे. फेकाचे थोडीच? पाखडतो, धुतो, खमंग भाजतो, कळते का कोणाले? चांगला एक दाणा मी कधी उचलला नाई. काहून, कोणी चोरी लावली का मह्यावर?"

कोणत्या तोंडाने सांगायचं? पण प्रेमिलाने सांगितलं, अडखळत का होईना. दाण्यातली बुरशी, तिचं विष, भाजूनही न जाणारं, लिव्हर नासवणारं.

"तुह्या बापाचं लिव्हर..." सिंधूताई बोलता बोलता थांबली. रुपराव दोन वर्षं पिवळे पडत पडत गेले होते. ताकद यावी म्हणून ती त्यांना रोज सकाळी कुटाचा लाडू द्यायची, नको म्हणाले तरी कोंबायची. "मीच मारलं का वं त्यायले?"

खोटं बोलून टाकावं असं प्रेमिलाला फार वाटलं. "सांगता येत नाई, माय," ती म्हणाली. तेच खरं होतं, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

सिंधूताई ताडकन उठली. "कौशल्येले परवा डबा देला. तिच्या पोट्टीसाठी!" गल्लीत कोणी बाळंत झालं, कोणाचं लेकरू रोडावलं, की सिंधूताईचं कूट तिथे पोचायचंच. त्याचाच तर वस्तीत तिला मान होता.

"माय, किडे निघाले म्हण. सगळं सांगाची काय गरज?"

"किडे निवडून फेकतीन अन् बाकीचं खातीन. खरंच सांगा लागन."

कौशल्येच्या दारात तिने सगळं सांगितलं. तुझ्या लेकीला मी विष दिलं, असंसुद्धा म्हणाली. कौशल्येने आतून डबा आणला. दीड वर्षाची पोर तिच्या पदराला लोंबकळत होती, तोंडाला कूट माखलेलं. सिंधूताईने डबा हिसकावला आणि समोरच्या नालीत उलटा केला.

"आवो सिंधूताई!" कौशल्या किंचाळली. "घरात तेवढंच होतं. आता सांजेले काय देऊ हिले?"

सिंधूताईने पदराने पोरीचं तोंड पुसलं, बोट घालून जिभेवरचंही काढलं.

"आमच्याकडं धाड," ती म्हणाली. "जे शिजन त्यातलं हिचं."

गल्लीत कूट पोचलेली अजून अकरा घरं होती. सिंधूताईने शेजारची कडी वाजवली.