डावा पाय

अर्ध्या चढावर व्हॅनने मान टाकली. इंजिन ओरडत होतं, पण चाकं पुढे जायचं नाव घेत नव्हती, आणि खालून काहीतरी जळल्याचा वास यायला लागला होता. थोरल्याने गिअर बदलून पाहिला, पुन्हा बदलून पाहिला. मागच्या ट्रकने हॉर्न मारला तेव्हा कुठे त्याने हँडब्रेक ओढला.

शेजारी, मांडीवर उशीच्या अभ्र्यांचं गाठोडं घेऊन त्याची बायको बसली होती. तिने गाठोडं सीटवर ठेवलं, खाली उतरली, रस्त्याकडेचा एक दगड उचलून आणला आणि मागच्या चाकाला लावला. हा वास तिला नवा नव्हता. आधी दोनदा व्हॅन हाच वास घेऊन घरी आली होती, आणि दुसऱ्या खेपेला त्या वासापायी तिचा दीर घर सोडून गेला होता.

"क्लच का?" तिने खिडकीशी येऊन विचारलं.

"असेल काहीतरी बारीकसारीक," थोरला म्हणाला.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

लाँड्री घरची होती, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, सलूनचे टॉवेल. धुण्याची आणि इस्त्रीची बाजू ती सांभाळायची, ने-आण दोघे भाऊ करायचे. सकाळची फेरी थोरल्याची, संध्याकाळची धाकट्याची, व्हॅन एकच.

थोरला त्या व्हॅनला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. रोज काचा पुसणार, टायरमधली हवा बघणार, ऑइल वेळेवर बदलणार. लग्नाचा वाढदिवस विसरेल पण ऑइल विसरणार नाही, असं ती सगळ्यांसमोर म्हणायची, तोही हसायचा. चालवणं तसंच, संथ. खड्डा दिसला की आधीच वेग कमी, आणि खड्डा नसला तरी जरा कमीच.

धाकट्याचा कारभार उलटा. सीटखाली चहाचे कागदी कप लोळायचे. आरशाला बोटांचे डाग. वळण घेताना मागची गाठोडी या कडेवरून त्या कडेवर जायची. त्यामुळे पहिल्यांदा क्लचप्लेट जळली आणि नेहमीचा मिस्त्री "कुणीतरी क्लचवर पाय ठेवून चालवतंय" असं म्हणाला, तेव्हा ते कुणीतरी कोण याचा विचार करायची गरजच कुणाला वाटली नाही. तिलाही नाही.

"मी नाही रे ठेवत पाय," धाकटा म्हणाला होता.

"मग काय भूत येऊन ठेवतं?" थोरला म्हणाला होता.

वर्ष पुरतं उलटायच्या आत दुसरी प्लेट गेली. त्या दिवशी थोरल्याने आवाज चढवला नाही. जेवता जेवता हात पुढे करून किल्ली मागितली. "ज्याला गाडीची कदर नाही त्याने गाडीला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला. धाकट्याने किल्ली ताटाशेजारी ठेवली आणि अर्धी पोळी तशीच टाकून उठला. आठवड्याभरात दुसऱ्या शहरात एका कंपनीच्या मालवाहू ट्रकवर कामाला लागला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जाणारा पोर होता. त्याचं दप्तर तिने भरलं होतं, ताप आला की उशाशी ती बसली होती. तो गेल्यावर घर तिला खायला उठलं, आणि हे बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

तो गेला म्हणून दोन्ही फेऱ्या थोरल्यावर आल्या आणि गाठोडी उचलायला ती त्याच्यासोबत जायला लागली. त्याआधी त्या पुढच्या सीटवर कायम कपडे रचलेले असायचे, माणूस बसायला जागाच नसायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं. थोरला गिअर टाकायचा, गाडी चालायला लागायची, आणि त्याचा डावा पाय क्लचवर तसाच राहायचा. दाबलेला नाही, सोडलेलाही नाही. नुसता ठेवलेला, मांजर निजल्या जागी पंजा ठेवतं तसा.

तिला गाडी चालवता येत नव्हती, पण क्लच म्हणजे काय ते ठाऊक होतं. कारण एकदा रिकाम्या मैदानावर धाकट्याने तिला शिकवायचा घाट घातला होता. चार वेळा गाडी बंद पडली, ती घाबरून उतरली, दोघंही पोट धरून हसले. त्यातलं एकच तिच्या डोक्यात राहिलं. "वहिनी, दाबायचं, सोडायचं, आणि पाय सरळ खाली जमिनीवर. तिथे विसावा घ्यायचा नाही." त्याला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये तसं शिकवलं होतं. थोरला मात्र सासऱ्यांच्या हाताखाली शिकला होता, त्यांच्या जुन्या टेम्पोवर. त्या टेम्पोचा हँडब्रेक कधीच लागायचा नाही आणि इंजिन जरा हयगय केली की बंद पडायचं. क्लचवरून पाय उचललास की गाडी गेली, असा सासऱ्यांचा धाक होता. टेम्पो भंगारात गेला, सासरे गेले, धाक तेवढा पायात राहिला. थोरल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपला पाय कुठे आहे हे कोण बघत बसतं?

तिने तेव्हा सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिली. थोरला आरडाओरडा करणारा नव्हता, तो गप्प बसायचा, आणि त्याचं गप्प बसणं महिना महिना चालायचं. ते तिच्या जिवावर यायचं.

आता चढावर, दगड लावून उभी असताना, तिला लाज वाटावी इतका आनंद झाला. धाकटा गेला त्याला सात-आठ महिने झाले होते. एवढ्या काळात दुसऱ्या कुणी या गाडीला हात लावला नव्हता. आता कुणाकडे बोट दाखवणार? आता मान्य करावंच लागेल, फोन करावाच लागेल. मनातल्या मनात तिने धाकट्याची खोली झाडायलाही घेतली.

चढ संपल्यावर एक गॅरेज होतं. तिथल्या अनोळखी मिस्त्रीने दोर बांधून व्हॅन ओढून नेली. दुपार टळेपर्यंत त्याने ती खोलली. काळी पडलेली प्लेट त्याने बोटांत धरून बाहेर आणली आणि थोरल्यासमोर धरली.

"बाकी गाडी नवरीसारखी ठेवलीय, शेठ," तो म्हणाला. "आणि ही बघा. पाय ठेवून ठेवून जाळलीय. कोण चालवतं?"

थोरल्याने प्लेट हातात घेतली. अंगठा तिच्या कडेवरून फिरवला. मग त्याची नजर आपल्याच बुटाकडे गेली, डाव्या. तिने ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याला कळलं.

"धाकटा भाऊ," थोरला म्हणाला.

"त्याला सांगा पाय काढायला."

"सांगून सांगून थकलो."

मिस्त्री हसला आणि पुन्हा गाडीखाली सरकला. ती बाकड्यावर बसली होती. बोलायला तिने तोंड उघडलंही, पण थोरल्याने मान वळवून पाहिलं. रागाने नव्हे. कपडे बदलताना कुणी अचानक आत यावं तसं. ती मूग गिळून बसली, आणि तेवढ्यावरून तिला स्वतःचीच किळस आली.

परतीच्या वाटेवर तिने त्याच्या पायाकडे पाहिलं. गिअर पडला, क्लच सुटला, आणि डावा पाय खाली जमिनीवर गेला. वळणावर तो सवयीने वर उचलला गेला, मध्येच थबकला, पुन्हा खाली आला. घर येईपर्यंत थोरला असाच स्वतःच्या पायाशी भांडत होता.

"त्याला फोन करा," ती म्हणाली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"गाडी झाली ना नीट?" थोरला म्हणाला. "मग झालं."

आणि गाडी खरोखरच नीट झाली. थोरला कामाचा पक्का, एकदा मनावर घेतलं की घेतलं. महिन्याभरात त्याच्या पायाची सवय मोडली. ती प्लेट एक वर्ष चालली, दुसरंही चालली. हॉटेलातल्या मॅनेजरपासून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत तो सगळ्यांना सांगायला लागला की गाडी एकाच हाताखाली असली की कशी टिकते बघा, धाकटा गेल्यापासून क्लचला हात लावावा लागलेला नाही. सुरुवातीला हे बोलताना तो तिच्याकडे बघायचं टाळायचा. पुढे पुढे तिच्यासमोरही बिनदिक्कत बोलू लागला. आपण बोलतो ते त्याला स्वतःलाच खरं वाटू लागलं असावं.

ती धाकट्याला अधूनमधून फोन करायची, इस्त्रीच्या खोलीतून. एकदा तिने धीर केला.

"ऐक ना, व्हॅनचं एक सांगायचंय तुला."

"वहिनी, तेवढं सोडून काहीही बोल," तो म्हणाला. "तब्येत कशी आहे तुझी?"

तिने तब्येत सांगितली.

मग थोरल्याचा डावा गुडघा धरला. जिना चढताना तो कठड्याला धरून थांबायला लागला. डॉक्टरांनी दिवसात एकाच फेरीपुरती मुभा दिली. बाहेरचा ड्रायव्हर ठेवून पाहिला, त्याने दुसऱ्याच दिवशी दवाखान्याचे पडदे हॉटेलात दिले. रात्री जेवताना थोरला म्हणाला, "धाकट्याला बोलावून घेऊ. किती दिवस राग धरायचा? लहान आहे, चुकतं माणूस."

तिचा घास हातातच राहिला. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तेच हे होतं, आणि ते असं आलं होतं.

धाकटा आला. वाळला होता, कपाळावरचे केस मागे सरले होते. बॅग दारात ठेवून तो भावाच्या पाया पडायला वाकला. थोरल्याने त्याला खांद्याला धरून उठवलं. थोरल्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"झालं गेलं विसरून जा," थोरला म्हणाला. "पण एक सांगतो. तू गेल्यापासून एकदाही क्लच बदललेला नाही. एकदाही. आता तूच विचार कर."

धाकट्याने मान खाली घातली. ती स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. चढावर काय झालं होतं, एवढंच. पण ते वाक्य बोललं की हा बॅग उचलून आल्या पावली परत जाणार, आणि थोरला गुडघा धरून आयुष्यभर गप्प बसणार. आणि मग तीन वर्षं तू का बोलली नाहीस, असं दोघंही तिला विचारणार.

"चुकलं असेल दादा माझं," धाकटा म्हणाला. "आपल्याला आपलं कळत नाही."

तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी थोरल्याने किल्ली खुंटीवरून काढून धाकट्याला दिली, तीही वहिनीला सोबत नेण्याच्या अटीवर. चादरींची गाठोडी मागे रचून ती पुढे बसली. धाकट्याने सीट मागेपुढे केली, आरसा लावला, बोटांचे डाग पडले म्हणून बाहीने पुसला. पूर्वी कधी त्याने असं केलं नव्हतं. गाडी सुरू झाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी डावा पाय दाबून सुटला आणि सरळ खाली जाऊन टेकला, त्या मैदानात त्याने तिला शिकवलं होतं अगदी तसा.

चौकातल्या सिग्नलला तो थांबला. समोर बघतच, हळू आवाजात म्हणाला,

"वहिनी, एक करशील? माझ्या पायाकडे लक्ष ठेव. मला कळतच नसेल कधी जातो ते. गेला की लगेच सांग."

तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग खाली, त्याच्या पायाकडे. तो जमिनीवर होता.

"ठेवते लक्ष," ती म्हणाली.

सिग्नल सुटला. दवाखाना, दोन्ही हॉटेलं, सलून, सगळी फेरी होईपर्यंत ती त्या पायाकडे बघत राहिली.