झेलणारी

मनिषाने हळदीच्या हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि बारावीचे पेपर मांडीवर घेतले. प्रश्न होता, नवीन प्रजाती कशी तयार होते. ‘निसर्गाच्या कृपेने’ असे उत्तर लिहिणाऱ्याला तिने अर्धा गुण दिला. अक्षर चांगले होते.

“लगनात बी पेपर?” शेजारी बसलेल्या तिच्या आईने, गुणाबाईंनी विचारले. कोन गावातली लग्ने गेली चाळीस वर्षे त्यांच्या धवल्यांशिवाय, लग्नाच्या त्या गाण्यांशिवाय, लागली नव्हती. आज करंजाड्याच्या हॉलमध्ये त्यांच्या नातीची, समृद्धीची हळद होती. “काय इचारलंय त्यात?”

“पाखरांचा एक थवा असतो, आई. त्याच्या मधून काहीतरी आडवं जातं. नदी, डोंगर.”

“हायवे.”

“हायवे धर. दोन्हीकडची पाखरं आपापली वाढतात. पुष्कळ पिढ्यांनी एकत्र आली, तरी एकाची साद दुसऱ्याला कळत नाही. मग जोड्याही जमत नाहीत. झाली नवी प्रजाती.”

“भांडतात?”

“भांडतील कशाला? ओळखतच नाहीत.”

गुणाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. धवल्याची एक ओळ धवलारणीने टाकायची आणि दुसरीने पुढची म्हणून ती झेलायची, अशी रीत. झेलणारी शांती मागच्या वर्षी वारली होती.

“आज ओल कोन झेलल?”

“मी आहे ना,” मनिषा पेपरातून मान वर न करता म्हणाली. लहानपणापासून तिने धवले इतके ऐकले होते, की ते आपल्याला येतात की नाही हे तपासायची वेळच आली नव्हती.

तेवढ्यात मनिषाचा भाऊ, समृद्धीचा बाप, आला. हरेशने जमीन गेल्यावर बांधकामात हात घातला होता आणि तेव्हापासून त्याला कायम घाई असे.

“आये, चल. दोनच घे हां, डीजेवाला तोंड वाकडं करतोय.”

समृद्धी पाटावर बसली. गुणाबाईंनी माईक बाजूला सारला, डोळे मिटले आणि ओळ टाकली. आवाज थकलेला होता, पण हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

मग त्या थांबल्या.

पन्नासेक मोबाईल वर झाले. मनिषाने तोंड उघडले. चाल होती, अर्थही होता: मांडव, आंबा, हळद. परीक्षेत विचारला असता तर पाच गुणांचा लिहिला असता. शब्द मात्र नव्हते.

गुणाबाईंनी एक डोळा उघडून लेकीकडे पाहिले. मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला, शांतीचा असे तसा, आणि पुढची ओळ स्वतःच म्हटली. सगळा धवला त्यांनी असाच दोन आवाजांत पुरा केला. टाळ्या पडल्या.

“आजी, ऑसम!” समृद्धी म्हणाली.

डीजे सुरू झाल्यावर मायलेकी हॉलमागच्या नळावर आल्या. गुणाबाईंनी बोटांवरची हळद धुतली. ती पुरती निघाली नाही.

“मने, त्या पाखरांना कलतं का, आपून येगली झालो त्ये?”

“नाही कळत, आई.”

“बरं हाय त्यांचं.”

मनिषाने पर्समधून मोबाईल काढला. “आई, परत म्हण ना. रेकॉर्ड करून ठेवते.”

गुणाबाईंनी तिच्या हातातून मोबाईल घेतला, कठड्यावर पालथा ठेवला, मघाचीच ओळ टाकली आणि थांबल्या.