नवघरच्या लादीवरची डिंगूबाय

मित्रांनो, मी एक जुनी युद्धनौका आहे. हसू नका! माझी लांबी वीतभरही नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर चार तोफा आहेत, दोन धुराडी आहेत, आणि माझं नाव आहे डिंगयुआन. चिनी आरमाराचं निशाण माझ्या डोलकाठीवर असायचं. आता तिथे नुसती टाचणी उरली आहे, ते जाऊ द्या.

माझं मूळ भाईंदरच्या मिठागरातलं. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं नि अडवायचं, त्या दाराची मी एक फळी होते. भरती-ओहोटी अंगावर घेत माझी उमर गेली. मिठागर बंद पडलं, तसं मालक शिवदासभाऊंनी मला जवळच नवघरच्या घरी आणून मागच्या अंगणात टाकलं. तिथे कोंबड्या माझ्यावर बसायच्या. काय सांगू तुम्हाला तो अपमान!

भाऊंच्या घराला लागूनच नवी बिल्डिंग उभी राहिली. तिच्या तळमजल्यावर अठ्ठ्याऐंशी साली गिरगावहून दशरथराव आणि उर्मिलाताई राहायला आले. दशरथराव विमा कचेरीत कारकून, पण डोक्यात सदानकदा समुद्रावरच्या लढाया. गिरगावच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, इथे चांगला ऐसपैस हॉल मिळाला. "हॉल मिळाला आणि माणूस बिघडला," असं उर्मिलाताई म्हणायच्या.

त्यांची लाडकी लढाई म्हणजे यालू नदीच्या मुखाशी झालेली चीन-जपानची लढाई, सन अठराशे चौऱ्याण्णव. चिनी जहाजं शेजारी शेजारी आडवी रांग धरून आली. जपानी जहाजं एकामागे एक येत त्यांना वळसा घालून गोळे मारत राहिली. हीच लढाई दर रविवारी हॉलच्या लादीवर व्हायची. लादी म्हणजे समुद्र, आणि तोफेचा धूर म्हणजे कापूस. तो कापूस कुठला? उर्मिलाताईंच्या वातींचा! मग त्यांचा पारा चढणार नाही तर काय होणार?

जपानी आरमार दशरथरावांनी मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलं होतं आणि कणकेच्या खळीने चिकटवलं होतं. पांढरंशुभ्र, देखणं, आणि नाकही तेवढंच वर! चिनी बाजू घेतली शेजारच्या शिवदासभाऊंनी. त्यांनी मला अंगणातून उचललं, कोयत्याने तुकडे पाडून मला नि इतर चिनी जहाजांना तासलं, काचेने घासून गुळगुळीत केलं. डिंगयुआन हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना. "आपली डिंगूबाय," ते म्हणाले, आणि मी डिंगूबाय झाले.

नियम दशरथरावांचे. माझ्या पाठीवर दहा टाचण्या. फासा टाकायचा, गोळा लागला की एक टाचणी उपटायची. टाचण्या संपल्या की मी बुडाले. आणि मित्रांनो, मी दर रविवारी बुडायचे! मग रवानगी डालड्याच्या डब्यात. सहा वर्षं हेच चाललं होतं.

चौऱ्याण्णव साल उजाडलं. लढाईला शंभर वर्षं होणार म्हणून दशरथराव नुसते हवेत होते. त्या रविवारी उर्मिलाताईंनी मात्र कमरेला पदर खोचला.

"अहो, दर रविवारी तोच निकाल! जे ठरलेलंच आहे ते खेळायचं कशाला? हॉलमध्ये चार माणसं बोलवायची सोय नाही, वातींना कापूस नाही. आज शेवटचं सांगतेय. चहाच्या वेळेपर्यंत ही चिनी वाचली, तर खुशाल खेळा. बुडाली, तर दोन्ही आरमारं भाऊंच्या बंबात!"

बंबात! माझ्या सगळ्या टाचण्या थरथरल्या.

शिवदासभाऊ हसत म्हणाले, "वैनी, ह्यो लाकूड खाऱ्या पान्यात मुरलेला हाय. जलनार न्हाय लवकर."

"रॉकेल ओतीन," उर्मिलाताई म्हणाल्या.

दशरथरावांची मोठी पंचाईत झाली. जपान त्यांच्याकडे. जिंकले तर खेळ संपणार, आणि मुद्दाम हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "भाऊ, मी फासा खोटा टाकणार नाही हं," ते पडेल आवाजात म्हणाले.

"टाका ना शेट, कोन भितंय!" भाऊ म्हणाले. पण त्यांचा हात ओला झाला होता. मी त्या हातात होते, मला कळत होतं.

नवघरला तेव्हा पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून सगळ्या घरांत एकच रीत होती: नळ उघडा ठेवायचा, त्याची नळी पिंपात सोडायची, आणि कोणीतरी कान देऊन बसायचं. या घरात तो कान उर्मिलाताईंचा. नळाने नुसता खाकरा काढला तरी त्या झोपेतून उठायच्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसल्या, एक डोळा आमच्यावर.

लढाई पेटली. जपानी रांग वळसा घालून आली. माझी एक टाचणी गेली, मग दोन, मग चार. उर्मिलाताई ताट घेऊन जरा पुढे सरकल्या. भाऊंनी माझ्या बहिणीला, दुसऱ्या मोठ्या जहाजाला, माझ्या कुशीला आणून उभं केलं. उर्मिलाताई आणखी पुढे सरकल्या. तांदूळ निवडायचे राहिले.

"अहो भाऊ, डावीकडून या ना! तो मागचा जपानी बघा, एकटा पडलाय!"

"वैनी, तुमी कोनाच्या बाजूच्या?"

"मी कोणाच्याच नाही. पण डोळ्यांदेखत मरू द्यायची का तिला?"

माझ्या पाठीवर एकच टाचणी उरली. दशरथरावांनी फासा हातात घेतला. पाच किंवा सहा पडले की माझा बंब पक्का. तिघंही लादीवर ओणवे झाले होते. बिल्डिंगभर "पाणी आलंऽऽ" अशी आरोळी फिरली, ती या घरात कोणाच्या कानापर्यंत पोचलीच नाही.

फासा पडला तो छपकन.

पिंप केव्हाच भरून वाहत होतं. स्वयंपाकघरातून पाण्याचा लोट हॉलमध्ये शिरला आणि फासा वाहत कोचाखाली गेला. खराखुरा समुद्र आला, मित्रांनो! जपानी आरमाराची खळ सुटली, पुठ्ठा फुगला, आणि सगळा रुबाब लगद्यासारखा बसला. आणि मी? मी उचलली गेले, जरा कलंडले, सावरले, आणि दिमाखात तरंगत उर्मिलाताईंच्या पायाशी जाऊन टेकले. इतक्या वर्षांनी पाणी लागलं होतं अंगाला. माझ्या सुखाला पारावार राहिला नाही.

"अगं बाई, माझं पाणी!" उर्मिलाताई नळाकडे धावल्या. मग बादल्या, परात, डबे, हाताला येईल ते घेऊन तिघांनी पाणी उपसलं. थेंब वाया घालवला नाही, सगळ्या बिल्डिंगचा जिना धुऊन काढला. हसून हसून भाऊंना ठसका लागला.

चहा झाला. दशरथराव लगदा हातात घेऊन बसले होते. उर्मिलाताईंनी पदराने मला पुसलं आणि विचारलं, "खऱ्या लढाईत ही बुडाली होती का हो?"

दशरथराव लगदा पिळत राहिले.

"अहो, विचारतेय मी."

"नाही," ते हळूच म्हणाले. "शंभरावर गोळे खाल्ले तिने. पण त्या दिवशी नाही बुडाली."

"मग तुमच्याकडे दर रविवारी कशी बुडते?"

शिवदासभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. उर्मिलाताईंनी टाचण्यांची डबी ओढली आणि माझ्या पाठीवर वीस टाचण्या रोवल्या.

पुढच्या रविवारी चिनी आरमाराच्या सेनापती त्याच झाल्या. कापूस त्यांनी स्वतःच पिंजून दिला. नवं जपानी आरमार लाकडाचं झालं. भाऊ त्यांच्या शेजारी बसून सल्ले द्यायचे, आणि त्या एकही ऐकायच्या नाहीत.

आता माझा रंग उडाला आहे, एक धुराडं मेणाने चिकटवलेलं आहे. हल्ली रविवार कधी रिकामाही जातो आणि मी शोकेसमध्ये धूळ खाते. पण तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी लादीवर आपलं वेड पसरून बसत असेल. बंबाची धमकी देण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून बघा.

फक्त बसण्याआधी, मित्रांनो, नळ तेवढा बंद करा.